खिमा खाऊन झाला, मग रिपोर्ट आला

कराडचा_पाहुणा | ९ डिसेंबर, रात्री १०.४०

मंडळी, हा धागा पाककृतीत टाकू की आरोग्यात, ठरेना. शेवटी गप्पांत टाकतोय. संपादकांनी हवा तिकडे हलवावा.

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला. चौदा वर्षं झाली. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा सीझन लागतो, नऊ दिवसांचा. गणपतीला चाकरमानी कोकणात धावतात तशी इथली निम्मी ऑफिसं नारिंगी जाकिटं चढवून रानात जातात. शेजारी एक निवृत्त प्लंबर राहतात, वय ७१. घरात आम्ही त्यांना आप्पा म्हणतो (त्यांना हे माहीत नाही). त्यांच्या नादाने सहा वर्षांपूर्वी मीही कोर्स करून लायसन काढलं. माझ्या नावावर आजवर एकच हरण आहे, तेव्हा मला शिकारी वगैरे म्हणू नये. मी मुख्यतः थर्मास धरतो.

यंदा आयोवा काउंटीत (आयोवा राज्य नव्हे, विस्कॉन्सिनमधलीच काउंटी, म्हणजे जिल्हा) आप्पांच्या भावाच्या शेतावर पहिल्याच सकाळी आप्पांनी आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडला. तगडा, केस चकचकीत, पाठीवर बोटभर चरबी. आजारी वाटावं असं काही म्हणजे काही नाही.

या भागातल्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा रोग आहे. मेंदू कुरतडत जाणारा. राज्याचं वन्यजीव खातं हरण फुकट तपासून देतं, सक्ती नाही. आप्पा कधीच तपासत नाहीत. या वेळी मी हट्ट धरला. गावाबाहेर रस्त्याकडेला एक टपरी असते, एसटीच्या पिकअप शेडसारखी. शिंगं कापायची, मानेचा चार-पाच बोटं भाग ठेवून मुंडकं पिशवीत घालायचं, फॉर्म भरायचा, नंबराची अर्धी चिठ्ठी खिशात ठेवायची आणि पिशवी पेटीत ढकलायची. आत आधीच वीसेक मुंडकी होती. बाहेर शून्याखाली सात, तरी वास होता.

रिझल्टला दोन आठवडे लागतात. आप्पा थांबणाऱ्यातले नाहीत. चार दिवस गॅरेजात टांगलं, पाचव्या दिवशी कापलं, खिमा केला, पौंडापौंडाच्या पांढऱ्या कागदी पुड्या, वर मार्करने तारीख. चार पुड्या आम्हाला. बायकोने त्याच रात्री खिमा-मटार केला. शनिवारी दोन कुटुंबं जेवायला होती, तेव्हा खिमा-पाव. सहा पाहुणे, त्यात एक चार वर्षांचा मुलगा. ताटं पावाने पुसून खाल्ली.

परवा शुक्रवारी आप्पांचा फोन. "पॉझिटिव्ह आलंय. तुमच्याकडचं टाकून द्या."

'तुमच्याकडचं' लक्षात घ्या. त्यांनी स्वतःचं टाकलेलं नाही. काल रात्रीही तेच खाल्लं म्हणाले. "२००२ ला म्हणाले सगळी हरणं मारा. मग म्हणाले राहू द्या. आता म्हणतात तपासा. पाच वर्षांनी आणखी काही म्हणतील. मी तेव्हापासून खातोय आणि अजून उभा आहे."

माझे प्रश्न तीन. आम्ही कितपत घाबरावं? पाहुण्यांना सांगावं का? आणि आप्पांना काय सांगावं?

---

तांबडा_रस्सा | ९ डिसेंबर, रात्री ११.०५

पहिल्यांदा खिम्याची पाककृती. घाबरायचं मग बघू.

---

ऋता_कोथरूड | १० डिसेंबर, सकाळी ७.१५

बाप रे! अहो पण शिजवल्यावर मरत नाही का हे? आमच्याकडे मटणाला कुकरच्या सहा शिट्ट्या काढतात, त्यात काय उरणार आहे?

---

घडीमोड | १० डिसेंबर, सकाळी ९.३०

ऋताताई, मरायला ते आधी जिवंत असावं लागतं. हा जिवाणू नाही, विषाणूही नाही. प्रिऑन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. शरीरात तेच प्रथिन नीट घडीचं असतंच. चुकीच्या घडीचं त्याला चिकटलं की तेही तशीच घडी घेतं, ते पुढच्याला बिघडवतं. मेंदूत याचे थर साचतात, पेशी मरतात, मेंदू स्पंजासारखा होतो. कुकरात जेमतेम १२० अंश सेल्सिअस गाठतात, त्याने याचं काही बिघडत नाही. मी प्रथिनांवर काम करतो (प्रिऑनवर नाही, तेवढं धाडस नाही), म्हणून लिहितोय.

हा रोग पहिल्यांदा दिसला १९६७ मध्ये, कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला, संशोधनासाठी कोंडून ठेवलेल्या हरणांत. मॅड काऊच्या (गाईंच्या मेंदूरोगाच्या) घराण्यातलाच आहे हे ओळखायला १९७८ उजाडलं. आता अमेरिकेतल्या तीसहून जास्त राज्यांत आहे. नॉर्वेत २०१६ मध्ये रानटी रेनडियरमध्ये सापडला, तेव्हा त्यांनी दोनेक हजारांचा अख्खा कळप मारून टाकला.

मूळ प्रश्नाकडे. माणसाला हरणाकडून हा रोग झाल्याची एकही सिद्ध झालेली घटना नाही. तरीही पॉझिटिव्ह जनावर खाऊ नका असं सीडीसी (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) सांगतं, कारण 'झालेला दिसला नाही' आणि 'होत नाही' यात फरक आहे. माकडांवरचे प्रयोग एकमेकांशी भांडतात. २०१७ मध्ये कॅनडातल्या गटाने सांगितलं की बाधित मांस खाऊ घातलेल्या मकाक माकडांना लागण झाली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेने सांगितलं की तेरा वर्षं पाहिली, आमच्या मकाकांना काही झालं नाही. २०२४ मध्ये माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या मेंदूच्या छोट्या गोळ्यांवर तेच प्रिऑन टाकून पाहिले, लागण झाली नाही.

तुम्हाला धीर देणारी एक गोष्ट. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात व्हेरोना गावात शिकाऱ्यांची मेजवानी झाली. दोनशेहून जास्त माणसं जेवली आणि मग कळलं की वाढलेल्यातलं एक हरण पॉझिटिव्ह होतं. अगदी तुमच्यासारखंच, जेवण आधी आणि रिपोर्ट नंतर. त्यातली ऐंशीएक माणसं पाहणीत सामील झाली, त्यांच्यावर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. वेगळं काही आढळलं नाही.

झोप लागू द्या. उरलेलं मात्र टाका. आणि खिम्याचं मशीन, सुऱ्या? प्रिऑन स्टीलला चिकटून राहतो. २०१९ च्या एका प्रयोगात घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरचा निष्प्रभ झाला. मांसाचा कण अडकला असेल तर त्याच्या आत मात्र ब्लीच पोचत नाही. म्हणजे आधी घासणी, मग ब्लीच.

---

कराडचा_पाहुणा | १० डिसेंबर, सकाळी १०.०२

घडीमोड, मनापासून आभार. मशीन आप्पांचं आहे. त्यात ते आता भावाच्या हरणाचा खिमा काढतायत. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं. पळतो.

---

बंड्या_नाना | १० डिसेंबर, सकाळी ११.२०

एवढं लफडं कशाला? आमच्या तालुक्यात रानडुकरं शेतं नासवतात, त्यांना कुठला रोग नाही की फोग नाही. आमच्या गावात एकदा

*(प्रतिसादाचा उरलेला भाग संपादित. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. गावच्या आठवणी इथे नकोत. – संपादक)*

---

बंड्या_नाना | १० डिसेंबर, सकाळी ११.३४

अहो डुक्कर शेवटी पळून गेलं होतं, तेच सांगत होतो.

---

गोमंतक_इन_लंडन | १० डिसेंबर, दुपारी २.४५

घडीमोड यांचा प्रतिसाद आवडला, पण 'एकही सिद्ध घटना नाही' हे वाक्य आम्ही ब्रिटनवाले ऐकून चुकलोय. मे १९९०. मॅड काऊ जोरात होता. कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बीफबर्गर भरवायला घेतला, सगळं सुरक्षित आहे म्हणून. २० मार्च १९९६ ला त्याच पक्षाच्या सरकारने संसदेत कबूल केलं की माणसांत दिसलेला नवा आजार बहुधा त्याच गाईंमुळे. ब्रिटनमध्ये आजवर १७८ माणसं त्याने गेली. तेव्हा 'पुरावा नाही' म्हणणारे खोटं बोलत नव्हते. पुरावा त्या वेळी नव्हताच.

मी इकडे आलो तेव्हा घरमालकीणबाई एकटीच कोंबडी खायची आणि बाकी घर बीफ. दोघेही सरकारवर चिडलेले, उलट्या कारणांनी.

पाहुण्यांना सांगा. चार वर्षांचं मूल आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही.

---

मिनेसोटा_मावशी | १० डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

पाहुण्यांना सांगा, +१.

तुमचे आप्पा काही जगावेगळे नाहीत हो. आमच्याकडे २००८ मध्ये शिशाचं प्रकरण झालं. शेजारच्या नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने गरिबांसाठीच्या अन्नपेढ्यांना शिकाऱ्यांनी दान केलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटं स्कॅन करून बघितली. आत पांढरे ठिपके! शिशाची गोळी हाडावर फुटते आणि तिचे कण जखमेपासून वीतभर लांब उडतात, दाताखाली लागणारही नाहीत एवढे बारीक. राज्याने पेढ्यांना तो खिमा फेकायला सांगितलं. आमच्या मिनेसोटानेही दानाची पाकिटं एक्स-रेखाली घातली.

आणि शिकारी? भडकले. दान केलेलं मांस कचऱ्यात जातंय हा अपमान वाटला. ही शिकार बंद पाडायची चाल आहे, असं आमच्या चर्चच्या जेवणातसुद्धा ऐकलं. मग सीडीसीने नॉर्थ डकोटातल्या ७३८ जणांचं रक्त तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांत शिसं थोडं जास्त निघालं, पण तेव्हाच्या धोक्याच्या रेषेपर्यंत कुणीच नव्हतं. झालं! "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" पुढे गंमत अशी की मुलांसाठीची ती रेषाच खाली आली. तेव्हा १० होती (शंभर मिलिलिटर रक्तात मायक्रोग्रॅम), २०१२ मध्ये ५ झाली, २०२१ मध्ये साडेतीन. रक्तातलं शिसं तेवढंच, पण त्याचा अर्थ बदलला. आमच्याकडचे म्हणतात, रेषा हलवत बसतात नुसते.

यजमान दरवर्षी दोन हरणं आणतात. हट्टी. सुनेला दिवस गेले तेव्हा तिने एका वाक्यात विषय संपवला, "बाबा, तांब्याची गोळी नाही तर मी जेवायला नाही." दुसऱ्या दिवशी तांब्याच्या गोळ्या आणल्या, वर किमतीबद्दल आठवडाभर कुरकुर. आता तेच दुसऱ्यांना शहाणपण शिकवतात.

---

ऋता_कोथरूड | १० डिसेंबर, रात्री ८.००

काय काय खाता तुम्ही लोक. मी आज वरणभात केला.

---

इसारकाठ | ११ डिसेंबर, रात्री १.२०

म्युनिकहून. इथली गोष्ट वेगळी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सासरे बव्हेरियन, पक्के शिकारी.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. चार-पाच दिवसांनी तिचा ढग दक्षिण बव्हेरियावर असताना पाऊस पडला आणि किरणोत्सारी सीझियम जमिनीत उतरलं. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य तीस वर्षं. म्हणजे आतापर्यंत निम्म्याहून कमी उरायला हवं. हरणांत तसं झालंही. रानडुकरांत नाही. कारण डुक्कर हिवाळ्यात जमीन उकरून एक भूछत्र खातं, जर्मनमध्ये त्याला 'हरणट्रफल' म्हणतात, माणूस खात नाही. सीझियम जमिनीत वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने खाली झिरपतं आणि ही छत्री नेमकी त्या थरात वाढून ते गोळा करते. २०२३ मध्ये व्हिएन्ना आणि हॅनोव्हरच्या संशोधकांनी बव्हेरियातले ४८ नमुने तपासले. ८८ टक्के विक्रीच्या मर्यादेबाहेर. त्याहून धक्कादायक म्हणजे त्यातलं बरंचसं चेर्नोबिलचं नव्हतंच. साठच्या दशकापर्यंत आकाशात केलेल्या अणुचाचण्यांचा वाटा नमुन्यागणिक १० ते ६८ टक्के निघाला. सासरे ते वाचून म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी रशियनांना उगाच एकट्यांना शिव्या दिल्या."

मर्यादा किलोमागे ६०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक). डुक्कर मारलं की मांसाचा तुकडा बारीक करून डब्यात भरायचा आणि मोजणी केंद्रावर न्यायचा. शिकारी संघटनेचीच अशी शंभरावर केंद्रं आहेत. एका केंद्राचं मशीन एका बेकरीवाल्याच्या तळघरात आहे, वर ब्रेझेलचा वास आणि खाली शिशाच्या भिंतीचा डबा. आकडा त्याच दिवशी हातात. ६०० च्या वर गेला तर मांस विकता येत नाही, नष्ट करायचं, आणि सरकार मोठ्या डुकरामागे दोनशे युरोंच्या आसपास भरपाई देतं.

आता गंमत. ही मर्यादा विक्रीला आहे. स्वतः मारून स्वतः खाल्लं तर कायदा आडवा येत नाही. सासऱ्यांच्या मित्रांत म्हणूनच दोन जाती आहेत. काही जण ६०१ आला तरी टाकतात. काही हिशेब मांडतात. ६०० बेकरेलवालं पाव किलो खाल्लं तर शरीराला किरणांचा डोस होतो साधारण दोन मायक्रोसिव्हर्ट, आणि मी मुंबईला विमानाने जाऊन येते त्यात याच्या कितीतरी पट होतो. दुसऱ्या जातीतले म्हणतात, मग मर्यादा आहेच कशाला? त्यात शेजारपाजारचे देश. स्वीडनने १९८६ मध्ये ३०० ठेवली आणि पुढच्याच वर्षी शिकार, रेनडियर, रानातली फळं-अळंबी यांच्यासाठी १५०० केली. नॉर्वेने रेनडियरसाठी थेट ६००० ठेवली, कारण नाहीतर रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांचा धंदा आणि जगणं दोन्ही संपलं असतं. १९९४ मध्ये ती ३००० वर आणली. म्हणजे १२०० चं डुक्कर जर्मनीत कचरा आणि स्वीडनमध्ये जेवण. ही मर्यादा माणूस किती खाणार यावर ठरते, हे कुणी त्यांना नीट समजावून सांगतच नाही. महिन्यातून एकदा डुक्कर खाणारा म्युनिककर आणि रोज रेनडियर खाणारा सामी यांना एकच आकडा लावून चालत नाही. नॉर्वेत म्हणूनच मर्यादा वर, पण रेनडियर पाळणाऱ्यांना वेगळा सल्ला, किती वेळा खावं याचा.

तरी एक आहे, इथे जवळजवळ सगळे मोजतात. आप्पांना दोन आठवडे थांबायचं होतं. सासऱ्यांना संध्याकाळपर्यंत.

---

घडीमोड | ११ डिसेंबर, सकाळी ८.५०

इसारकाठ, जबरदस्त. सीझियम मोजता येतं, त्याची मात्रा असते, 'थोडं चालेल' म्हणता येतं. प्रिऑनला 'थोडं' म्हणजे किती हेच माहीत नाही, म्हणून तिथे मर्यादा नाहीच, फक्त हो किंवा नाही. आप्पा दोन्हीला एकाच तराजूत घालतायत.

---

कराडचा_पाहुणा | १२ डिसेंबर, रात्री ९.१५

उशीर झाला, क्षमस्व. तीन बातम्या.

एक, मशीन ब्लीचमध्ये बुडवलं. आप्पा बाजूला उभे राहून बघत होते, नातवाचा खेळ बघावा तसे.

दोन, पाहुण्यांना सांगितलं. एक कुटुंब म्हणालं, "अरे ठीक आहे, होतं असं." दुसऱ्या वहिनींनी तीन सेकंद काहीच म्हटलं नाही आणि मग, "रिझल्ट यायचाय हे तुला तेव्हा माहीत होतं?" होतं. चार वर्षांचा मुलगा त्यांचाच. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि इथे मागतही नाही.

तीन, आप्पांचा इतिहास. मी त्यांना काल विचारलं, २००२ ला नक्की काय झालं होतं? दोन तास बोलले. फेब्रुवारी २००२ मध्ये माउंट होरेबजवळ आदल्या नोव्हेंबरात मारलेली तीन हरणं पॉझिटिव्ह निघाली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिल्यांदाच. मॅड काऊ ताजा होता, लोक हादरले. त्या वर्षी शिकारीच्या लायसनची विक्री दहा टक्क्यांच्या आसपास घटली. राज्याने रोगाभोवती रेघ आखली आणि जाहीर केलं, आतलं प्रत्येक हरण मारायचं. आप्पांच्या भावाचं शेत रेघेच्या आत. खात्याचे नेमबाज शेतात यायला परवानगी मागत. भाऊ नाही म्हणाला, शेजारी हो म्हणाला, दोघांत सहा वर्षं बोलणं बंद. त्यात एक नियम होता की आधी मादी मारा, मगच नर मारायची परवानगी. २०११ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. नेमबाजही २००७ नंतर आले नाहीत. हरणं संपली नाहीत, रोगही नाही. आज त्या टापूत काही ठिकाणी मोठ्या नरांत निम्म्याच्या आसपास पॉझिटिव्ह निघतात.

"माझ्या भावाने ज्यांना दारात उभं केलं नाही," आप्पा म्हणाले, "तेच आता म्हणतात आमच्या टपरीत मुंडकं टाक."

---

अनुस्वार | १२ डिसेंबर, रात्री १०.५०

इतका वेळ नुसती वाचत होते. एक खटकलं म्हणून लिहिते.

आप्पा म्हणतात सल्ला सारखा बदलतो. त्यांनीच सांगितलेलं परत वाचा. काय बदललं? हरणं मारायची की नाही, मादी आधी की नर, नेमबाज आत की बाहेर. हे झालं रानाचं राजकारण. ताटाबद्दलचा सल्ला बदलला का? २००२ मध्येही हेच होतं: पॉझिटिव्ह किंवा आजारी दिसणारं खाऊ नका, मेंदू, मणका, डोळे, प्लीहा, लसीकाग्रंथी टाळा, कापताना हातमोजे घाला, मांस हाडापासून सोडवून घ्या. आजही तेच आहे. बावीस वर्षं एक शब्द हललेला नाही म्हणा ना.

मिनेसोटा मावशींचं शिसं, तिथे रेषा खरंच हलली. इसारकाठकडे देशागणिक हलते. आप्पांकडे हललेली नाही. त्यांचा राग ज्या गोष्टीवर आहे तो रास्त असेल, पण खिम्याचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्ही गोष्टी एकाच खात्याच्या लेटरहेडवर आल्या एवढंच.

---

मिनेसोटा_मावशी | १२ डिसेंबर, रात्री ११.१५

अनुस्वार, पटलं. पण हे आप्पांना पटवून दाखवा! माणूस लेटरहेडच वाचतो.

---

गोमंतक_इन_लंडन | १३ डिसेंबर, पहाटे ४.३०

थोडी असहमती. शब्द हलले नसतील, वजन हललं. सुरुवातीला 'खाऊ नका' म्हणणाऱ्यांचा सूर 'काळजी नको, फक्त खबरदारी' असा होता. माकडांची बातमी आल्यावर कॅनडाच्या आरोग्य खात्याने सूर चढवला. शिकारी शब्द मोजत नाहीत, सूर ऐकतात. आमचे गमरसाहेबही शब्दांत चुकले नव्हते.

---

घडीमोड | १३ डिसेंबर, सकाळी ९.१०

आणखी एक व्यावहारिक. आप्पा स्वतः कापतात हे चांगलंच आहे. दुकानात दिलं तर बरेच जण सॉसेजसाठी पाच-सहा हरणांचं मांस एकत्र करतात. तुमचं निगेटिव्ह असूनही पुडीत शेजाऱ्याचं पॉझिटिव्ह येऊ शकतं. तिथे 'आमचं वेगळं करा' असं सांगावं लागतं.

---

तांबडा_रस्सा | १३ डिसेंबर, सकाळी ९.४०

म्हणजे इथेही 'आमचं दळण वेगळं दळा'. गिरणीवाला मान डोलावतो आणि ज्वारीवरच गहू ओततो.

---

कराडचा_पाहुणा | १५ डिसेंबर, सकाळी ११.००

अनुस्वार यांचं म्हणणं मी आप्पांना माझ्या इंग्रजीत सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुझी ही मैत्रीण वकील आहे का?"

फ्रीजर अजून भरलेला आहे. आम्हाला मात्र आता पुडी देत नाहीत. गेल्या आठवड्यात मेपल सिरपची बाटली आणून दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. बायकोला वाईट वाटलं, म्हणाली, आपण त्यांना दुखावलं.

---

अनुस्वार | १५ डिसेंबर, दुपारी १२.२०

नाही आहे. सासूबाई मात्र म्हणतात व्हायला हवी होती.

---

कराडचा_पाहुणा | १९ जानेवारी, सायंकाळी ५.३०

धागा वर काढतोय, शेवटचं सांगायचं राहिलं होतं.

इथे २४ डिसेंबर ते १ जानेवारी दक्षिणेकडच्या काउंट्यांत फक्त बिनशिंगांच्या हरणांचा सुट्टीतला सीझन असतो. आप्पा एकटेच गेले, मला हाक मारली नाही. मादी मिळाली, हे मला बर्फातल्या चाकांच्या खुणांवरून आणि गॅरेजच्या दिव्यावरून कळलं. विचारलं नाही.

आज दुपारी बेल वाजली. आप्पा, हातात नेहमीची पांढरी पुडी. कागदावर तारीख आणि तारखेखाली मार्करने एक लांबलचक नंबर, आकडे सारखे सारखे नसलेले, शेवटचे दोन कडेला दाटीने कोंबलेले. "घरात जाऊन बघ," म्हणाले आणि बूटही न झटकता परत गेले.

खात्याच्या साइटवर नंबर टाकला. आयोवा काउंटी, प्रौढ मादी, रोग आढळला नाही. नमुना घेतल्याची तारीख ३० डिसेंबर. म्हणजे रिझल्ट येईपर्यंत पुडी दिलेली नाही, तोवर मांस फ्रीजरमध्ये तसंच होतं.

नराच्या पुड्यांचं काय केलं, ते मी विचारलेलं नाही.

---

तांबडा_रस्सा | १९ जानेवारी, सायंकाळी ५.४१

आता तरी पाककृती.

---

कराडचा_पाहुणा | १९ जानेवारी, रात्री ८.५०

बायकोला विचारून लिहितो. हरणाच्या मांसात चरबी फारशी नसते, त्यामुळे तेल नेहमीपेक्षा पळीभर जास्त आणि कांदा दीडपट. आलं-लसूण भरपूर, कराडहून आणलेला कांदा-लसूण मसाला दोन चमचे, मटार शेवटी. पाणी घालायचं नाही. त्या वहिनींना बोलावलं होतं, नंबरासकट. येतो म्हणाल्या, मुलासाठी वेगळं काहीतरी आणते म्हणाल्या.